स्पेक्ट्रम, कमोडोर की बीबीसी? कोणाची काटकसर भारी

झेडऐंशी

परवाच्या कट्ट्यावर नेहमीचा वाद निघाला: घरगुती कॉम्प्युटरच्या इतिहासात पहिला मान कोणाचा? एकाने विक्रीचे आकडे काढले, दुसऱ्याने मेगाहर्ट्झ. मी गप्प बसलो, कारण कांदाभजी गरम होती. आता सावकाश टंकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. १९७७ ते १९८५ मधली यंत्रं एकमेकांशेजारी ठेवून किलोबाइट मोजण्यात अर्थ नाही. भरपूर पैसे घेऊन चांगलं यंत्र बनवणं तेव्हाही अवघड नव्हतं. अवघड होतं ते बापाला परवडेल अशा किमतीत बसवणं. त्यासाठी कोणी काय कापलं ते बघा. जे कापलं त्यातूनच प्रत्येक यंत्राचा स्वभाव ठरला.

सुरुवात झेडएक्स ८१ पासून. मार्च १९८१, क्लाइव्ह सिंक्लेअर, केंब्रिज. तयार यंत्र ६९.९५ पौंडांना, स्वतः डाग देऊन जोडायची तयारी असेल तर ४९.९५. आत मोजून चार चिपा आणि १ किलोबाइट मेमरी. पडद्यावर चित्र काढायला वेगळी चिप नाहीच, ते कामही बिचाऱ्या झेड८० प्रोसेसरच्याच गळ्यात. त्यामुळे दोन पद्धती: 'स्लो'मध्ये चित्र दिसतं, पण प्रोसेसरचा बराचसा वेळ त्यातच जातो आणि तुमचा प्रोग्रॅम उरल्यासुरल्या वेळात रांगतो. 'फास्ट' म्हटलं की पडदाच कोरा. गणित संपलं की चित्र परत येणार. एकच बाई पोळ्या लाटतेय आणि वाढतेयही, असा प्रकार.

मग २३ एप्रिल १९८२ ला सिंक्लेअरचाच स्पेक्ट्रम. १६ केबी १२५ पौंड, ४८ केबी १७५ पौंड. ह्याच्या रंगांची खूप टिंगल होते. हिरो झाडापुढून गेला की झाड हिरोच्या रंगाचं. पण हिशोब करून बघा. पडदा २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ ठिपके. ठिपका पेटलेला की विझलेला एवढंच ठेवायचं तर ६,१४४ बाइट लागतात. प्रत्येक ठिपक्याला सोळातला एक रंग द्यायचा म्हटलं तर २४,५७६ बाइट. १६ केबीच्या यंत्रात एवढी मेमरीच नाही! म्हणून त्यांनी आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले आणि चौकोनाला एकच बाइट दिला: एक शाईचा रंग, एक कागदाचा. असे ७६८ चौकोन. एकूण ६,९१२ बाइटमध्ये रंगीत पडदा. ह्याला मी दोष म्हणत नाही, वाण्याचा हिशोब म्हणतो.

कमोडोर ६४ पण १९८२ चाच. अमेरिकेत ५९५ डॉलर. आठ स्प्राइट (पडद्यावर सुटी हलवता येणारी चित्रं), तीन आवाजांची सिड चिप, सगळं कबूल. पण नाव ६४ आणि चालू केल्यावर बेसिकला, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेला, हातात किती, तर ३८,९११ बाइट. पुड्यावर अर्धा किलो, तराजूत पाव!

आणि बीबीसी मायक्रो म्हणजे काटकसर ह्या शब्दाशी फारकत. मॉडेल बी आधी ३३५ पौंड, थोड्याच दिवसांत ३९९. त्यात दोन ४८ केबी स्पेक्ट्रम येऊन वर वडापावाचे पैसे उरले असते.

माझा क्रम: स्पेक्ट्रम, कमोडोर, बीबीसी. झोडा आता.

तिखटमीठ

चहा टाकून बसलेय. एक बाळबोध प्रश्न: बीबीसी म्हणजे रेडिओवाली बीबीसीच ना? ते कॉम्प्युटरपण बनवायचे?

सिडवेडा

झेडऐंशी, पाव किलोचा हिशोब अर्धवट सांगितलात. उरलेली मेमरी कुठे पळून गेलेली नाही. ६५१० प्रोसेसर एका वेळी ६४ केबीच पाहू शकतो, त्यामुळे बेसिक आणि सिस्टिमचे रॉम, म्हणजे कायमच्या कोरलेल्या चिपा, त्याच जागेवर वरून अंथरलेले असतात. मशीन कोडवाला, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिणारा, चादर उचलून खालची मेमरी वापरतो. बेसिकवाल्याला चादरीसकट झोपावं लागतं, एवढंच. आणि जाता जाता, तुमच्या ४८ केबीतूनसुद्धा ती ६,९१२ बाइटची रांगोळी वजाच होते की.

काटकसरीचीच गोष्ट करायची तर जॅक ट्रॅमिएलची करा. पोलंडमधल्या लोड्झचा पोरगा, आउशवित्झमधून वाचला, न्यूयॉर्कला आला, टाइपरायटर दुरुस्तीतून धंदा उभा केला. पुढे कमोडोर कॅल्क्युलेटर विकायची, आतली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. मग टेक्साससुद्धा स्वतःच कॅल्क्युलेटर विकायला उतरली आणि भाव असे पाडले की कमोडोरची तारांबळ उडाली. ज्याच्याकडून पीठ घेतो त्यानेच शेजारी गिरणीसकट खानावळ टाकली! त्यातून ट्रॅमिएल एक धडा शिकला: चिप दुसऱ्याकडून घ्यायची नाही. १९७६ मध्ये त्याने एमओएस टेक्नॉलॉजी विकत घेतली. तीच ती ६५०२ वाली. हा प्रोसेसर १९७५ मध्ये २५ डॉलरला बाजारात आला तेव्हा बाकीच्यांचे प्रोसेसर शेकड्यांत होते.

म्हणून ६४ स्वस्त. काही कापलं म्हणून नाही, मधला दलाल उडवला म्हणून. आणि सूड बघा. टेक्सासचा टीआय-९९/४ए १९८१ मध्ये ५२५ डॉलरला होता. कमोडोरने भाव पाडत पाडत त्याला १९८३ मध्ये ९९ डॉलरवर आणलं आणि ऑक्टोबरात टेक्सासने घरगुती कॉम्प्युटरचा धंदाच बंद केला. त्याच वर्षी कमोडोरने योजना काढली होती: कोणताही जुना कॉम्प्युटर आणून द्या, ६४ वर १०० डॉलर सूट. लोक काय करायचे माहितीये? तुमच्या झेडएक्स ८१ चा अमेरिकन अवतार, टायमेक्स सिंक्लेअर १०००, तोवर पन्नासेक डॉलरला मिळत होता. तो घ्यायचा, खोका न फोडता कमोडोरला द्यायचा. सिंक्लेअरचं इतिहासातलं स्थान असं आहे, कूपन म्हणून.

(इनो घ्या.)

झेडऐंशी

कूपन! हे लागलं. पण सिडभाऊ, ड्राइव्हबद्दल अवाक्षर नाही? ६४ चा फ्लॉपी ड्राइव्ह, १५४१ नावाचा, सेकंदाला ४०० बाइटच्या आसपास चालायचा. ४० केबीचा गेम लोड व्हायला दीड मिनिटाच्या वर. फ्लॉपी आहे की पोस्टमन?

सिडवेडा

ते दुखणं मान्य. मूळ व्हिक-२० ह्या कमोडोरच्या आधीच्या यंत्राच्या वेळचं. ६५२२ चिपमध्ये एक चूक निघाली, तिच्यातून बिट आपोआप पुढे सरकायला हवे होते ते भरवशाने सरकेनात. मग तेच काम सॉफ्टवेअरने एकेक बिट हाताने सरकवत करायचं ठरलं. ६४ आला तेव्हा जुन्या ड्राइव्हशी जुळवून घ्यायच्या नादात तीच पद्धत राहिली, वर ६४ ची चित्रवाली चिप मधूनमधून प्रोसेसरला थांबवून मेमरी वाचते म्हणून वेग अजून कमी करावा लागला. गंमत म्हणजे १५४१ च्या पोटात स्वतःचा ६५०२ आणि २ केबी मेमरी होती. ड्राइव्ह कसला, कॉम्प्युटरच. म्हणून तर फास्ट लोडर, म्हणजे लोडिंगचा वेग वाढवणारे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांना ड्राइव्हच्याच डोक्यात नवा प्रोग्रॅम घालता आला.

मास्तर

तिखटमीठ, प्रश्न बाळबोध नाही, आमच्या मुख्याध्यापकांनीही हाच विचारला होता.

कॉम्प्युटर बनवला एकॉर्न ह्या केंब्रिजच्या कंपनीने. बीबीसीला दूरचित्रवाणीवर लोकांना कॉम्प्युटर शिकवायची मालिका करायची होती, तिच्या जोडीला एक यंत्र हवं होतं. सिंक्लेअरनाही ते काम हवं होतं. एकॉर्नचे क्रिस करी हे सिंक्लेअरकडेच आधी नोकरीला होते, त्यामुळे त्या भांडणाला भाऊबंदकीचा वास. बीबीसीची माणसं बघायला येणार म्हणून सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्यांनी आठवड्याच्या आत नमुना उभा केला आणि तो चालला. जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. पुढे १९८४ च्या नाताळात केंब्रिजच्या 'बॅरन ऑफ बीफ' ह्या पबमध्ये सिंक्लेअर साहेबांनी करींना वर्तमानपत्राच्या गुंडाळीने बडवलं. सर ही पदवी मिळून वर्ष उलटलं होतं!

आता झेडऐंशी, काटकसरीशी फारकत म्हणालात, तिथे थांबवतो. एकॉर्नने मेमरी दुप्पट वेगाची, ४ मेगाहर्ट्झची घेतली. पैसे गेले खरे. पण त्यामुळे एक घास प्रोसेसरला, एक घास पडद्याला, असं आळीपाळीने वाढता आलं. कोणी कोणासाठी थांबत नाही. ६५०२ पूर्ण २ मेगाहर्ट्झने पळतो, ॲपल आणि कमोडोरच्या दुप्पट. तुमच्या झेडएक्स ८१ ची एकटी बाई आठवा आणि इथे बघा: दोन बायका, एकच परात, आणि हात एकमेकींना लागत नाहीत.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प काढला, साधारण २५० शाळांपासून सुरुवात झाली, आणि यंत्र निवडलं ते बीबीसी मायक्रो. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने पुढे त्याची युनिकॉर्न नावाची आवृत्ती इथेच काढली. मी तेव्हा एका शाळेत गणित शिकवायचो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढचं ऐकून कोणाला वाईट वाटेल. यंत्रं आली. खोलीला पडदे लागले, खाली जाजम अंथरलं, चपला बाहेर. दाराला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कोटाच्या खिशात. कोट खुंटीला आणि साहेब जिल्ह्याच्या गावी मीटिंगला असले की तासाला कॉम्प्युटर फळ्यावर. मी खडूने कीबोर्ड काढायचो, वरची फंक्शन कीजची ओळ लाल खडूने, कारण खऱ्या यंत्रात ती लालच होती. पोरं फळ्यावर बोटं ठेवून टाइप करायची. खोटं वाटेल, पण त्या पोरांना ज्या दिवशी खरं यंत्र मिळालं त्या दिवशी अक्षरं शोधायला वेळ लागला नाही.

चालू केल्यावर आधी घोगरा 'बूऽऽ' आणि मग बारीक 'बिप'. वर्गात शांतता पसरायची, आरतीला घंटा झाल्यासारखी.

आणि भाषा! इतर यंत्रांच्या बेसिकमध्ये 'गोटू'ची, म्हणजे अमुक ओळीवर उडी मार ह्या आज्ञेची, गोधडी शिवावी लागायची. बीबीसी बेसिकमध्ये नाव दिलेली प्रोसीजर लिहिता यायची, 'रिपीट अनटिल' होतं, चौकटी कंसात थेट असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरची भाषा, लिहिता यायची. सातवीतला मुलगा चौकोन काढायची प्रोसीजर लिहून तीच वापरून नक्षी काढायचा. गणित शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

तिखटमीठ

मास्तर, दंडवत. फळ्यावरचा कीबोर्ड! _/\_

नारायणपेठी

स्पेक्ट्रमच्या बाजूने एक मत, शुद्ध प्रादेशिक अस्मितेतून. १९८८ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्सने रीतसर परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला. तोपर्यंत विलायतेत त्याचं दिवसपाणी होत आलेलं, सिंक्लेअरने १९८६ मध्येच कॉम्प्युटरचा धंदा ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांत विकून टाकलेला. पण आमच्याकडे त्याचा तेव्हा कुठे नामकरण सोहळा.

त्याआधीची गोष्ट मात्र खरी मजेशीर. आमच्याकडे १९८४ मध्ये काकाने लंडनहून रबरी कीवाला आणला. टीव्हीला लावला तर नुसती मुंग्यांची रांग. स्पेक्ट्रम चित्र पाठवायचा ते यूएचएफच्या, म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीच्या, ३६ नंबर चॅनेलवर, आणि आमच्या लाकडी शटरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला यूएचएफ नव्हतंच, दूरदर्शनपुरतं व्हीएचएफ. आठ दिवस घरात सुतक. मग गल्लीतल्या टीव्हीवाल्या दादाने डबा उघडला, मॉड्युलेटरच्या (चित्राला चॅनेलवर चढवणाऱ्या) चकचकीत पेटीत जाणारी वायर शोधली, तिथूनच थेट व्हिडिओ काढला आणि टीव्हीच्या आत योग्य जागी टाचला. पंधरा रुपये घेतले. पांढऱ्या पडद्यावर खाली एक काळी ओळ, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. आमच्याकडे रंगांच्या भांडणाचा प्रश्नच आला नाही, कारण रंगच नव्हते.

टेप लोड होतानाच्या कडेच्या पट्ट्या, आधी लाल-निळसर आणि मग निळ्या-पिवळ्या, ह्या मी १९९० मध्ये पहिल्यांदा पाहिल्या. तोवर मला त्या करड्या-करड्याच वाटायच्या.

बे एरियातली काकू

तुम्ही सगळे केंब्रिजच्या दोन गल्ल्यांत अडकलात. सिडवेड्याने निदान अटलांटिक ओलांडला. ॲपल टू कोणालाच आठवला नाही?

झेडऐंशी, तुमचीच फूटपट्टी लावते. १९७७ मध्ये तीन तयार यंत्रं आली: कमोडोर पेट, रेडिओ शॅकचा टीआरएस-८० आणि ॲपल टू. टीआरएस-८० मॉनिटरसकट ६०० डॉलरला, पेट ७९५ ला. ॲपल टू ४ केबीचा १,२९८ डॉलर आणि पडदा तुमचा तुम्ही आणा. तुम्ही म्हणाल, ही कसली काटकसर? पण किंमत स्टीव्ह जॉब्जच्या बाजूची, काटकसर यंत्र घडवणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाकची. त्या माणसाला एक चिप कमी केली की पुरणपोळी खाल्ल्याचा आनंद व्हायचा. रंग कसे आणले बघा. रंगासाठी वेगळी यंत्रणा नाहीच. अमेरिकन टीव्हीचा रंग ज्या लयीत धावतो त्याच लयीला धरून त्याने ठिपके पाठवले आणि टीव्हीला रंगाचा भास करून दिला. म्हणूनच पॅल ह्या वेगळ्या रंगपद्धतीच्या टीव्हीच्या देशांत ती युक्ती चालेना, युरोपातल्या ॲपलला रंगासाठी वेगळं कार्ड घालावं लागायचं.

आणि ड्राइव्ह. १९७८ चा डिस्क टू. शुगार्ट कंपनीच्या ड्राइव्हमधलं बरंचसं सर्किट काढून टाकलं, मोजक्या चिपांचं एक कार्ड केलं आणि बाकीचं डोकं सॉफ्टवेअरमध्ये. सिडवेड्याच्या १५४१ मध्ये अख्खा प्रोसेसर असून पोस्टमन, इथे प्रोसेसर नसून त्याच्या कितीतरी पट वेग. कापणं कशाला म्हणतात ते हे.

त्या ड्राइव्हमुळे आणि आतल्या आठ खाचांमुळे १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क ॲपलवर आधी आलं. आकड्यांचा तक्ता, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप. हिशेबनीस दुकानात येऊन व्हिजिकॅल्क मागायचे आणि ते चालवायला सोबत ॲपल घेऊन जायचे. तोवर घरी कॉम्प्युटर कशाला हवा ह्याचं उत्तर 'पाककृती ठेवायला' असं द्यायचे. मी आजतागायत एकही पाककृती कॉम्प्युटरवर ठेवलेली नाही.

सिडवेडा

काकू, ड्राइव्हवरून मारलंत, मान्य. पण १,२९८ डॉलरमध्ये आवाज काय? एक 'टिक'. स्पीकरचा पडदा प्रोसेसरने आत-बाहेर करायचा. सिडमध्ये तीन स्वर, चार प्रकारच्या लहरी, वर फिल्टर. बॉब यानिसने ती संगीतवाल्याच्या डोक्याने केली, नंतर त्याने खरोखरच एन्सॉनिक ही वाद्यं बनवणारी कंपनी काढली. आजही लोक जुन्या ६४ मधून सिड उपटून सिंथेसायझरमध्ये बसवतात.

कुवेतकर

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्याकडे ह्यातलं काहीच नव्हतं. बाबा कुवेतला नोकरीला, घरी आला तो सख्र. एमएसएक्स जातीचा, अरबी कीबोर्डचा. १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि जपानच्या आस्कीने मिळून ठरवलं की सगळ्यांनी एकाच आराखड्याचा कॉम्प्युटर बनवायचा: झेड८० प्रोसेसर, ठरलेली चित्राची चिप, ठरलेली आवाजाची. मग सोनी, यामाहा, फिलिप्स, सगळे तेच बनवणार, कॅसेट-कार्ट्रिज कोणाचंही कोणालाही लागणार. तुमच्या काटकसरीच्या फूटपट्टीवर हे कुठे बसतं? इथे कोणी चिप कापली नाही, भांडण कापलं.

कुवेतच्या कंपनीने त्याला अरबी शिकवलं. पडद्यावर अक्षरं उजवीकडून डावीकडे, आणि जोडाक्षरासारखी शेजारचं अक्षर बघून आकार बदलणारी. मी तेव्हा दहा वर्षांचा. मला मराठी डावीकडून, शाळेत अरबी उजवीकडून, आणि दोन्हींना समजून घेणारा घरात एकच प्राणी, सख्र. अमेरिकेत एमएसएक्स चाललाच नाही म्हणून इतिहासात तळटीप झाला. जपान, नेदरलँड्स, ब्राझील आणि अरब देश हे तळटीप असतील तर असोत.

झेडऐंशी

कुवेतकर, 'भांडण कापलं' हे लिहून ठेवलं.

आता माझं शेवटचं हत्यार. नकला मोजा. स्पेक्ट्रमच्या आत एकच खास चिप, फेरांटी कंपनीची यूएलए. बाकी सगळा माल बाजारात मिळणारा. ती यूएलएसुद्धा इतकी साधी की सोव्हिएत इंजिनिअरांनी तिचं काम सुट्या साध्या चिपांनी उभं केलं. लेनिनग्राड, पेंटागॉन अशा नावांनी कितीतरी बोर्ड निघाले, लोकांनी स्वैपाकघरात डाग देऊन जोडले. ६४ ची नक्कल कोणी केली? सिड आणि व्हिक-टू ही चित्रवाली चिप कमोडोरच्या कारखान्याबाहेर बनत नव्हत्या. चिपा स्वतःच्या असणं ही सिडभाऊंच्या यंत्राची ताकद, आणि तोच त्याच्या गळ्यातला पट्टा. गरिबाचा आराखडा गरिबाला परत बनवता येतो, म्हणून स्पेक्ट्रम पहिला.

बे एरियातली काकू

नकलाच मोजायच्या तर बल्गेरियाचा प्रावेत्स घ्या. ८२ नावाचं मॉडेल म्हणजे ॲपल टूच. लोखंडी पडद्यामागे आमचाही माणूस होता हो.

मास्तर

मीही एक हत्यार ठेवून होतो. बीबीसीच्या तळाशी 'ट्यूब' नावाची खाच होती. तिथे दुसरा प्रोसेसर जोडायचा, बीबीसी त्याचा कीबोर्ड-पडदा सांभाळणार. १९८१ मध्ये ही चैन वाटली असेल. २६ एप्रिल १९८५ ला त्याच खाचेला विल्सन आणि फर्बर ह्यांचा नवा प्रोसेसर लागला आणि पहिल्या फटक्यात चालला. एआरएम. फर्बर सांगतात, त्यांनी वीज किती खातोय ते बघायला मीटर लावला तर काटा शून्यावर. बोर्डावरून चिपला वीज जातच नव्हती. शेजारच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती धावत होती.

झेडऐंशी, ज्या यंत्राला तुम्ही उधळं म्हणालात त्याच्या पोटी निघालेली ही चिप. तुमच्या हातातल्या फोनमध्ये तिचीच वंशावळ आहे. अर्थात ती बॅटरी वाचवायला नव्हती केली. प्लॅस्टिकच्या स्वस्त वेष्टनात चिप तापून चालणार नव्हती, म्हणून विजेचा हिशोब आधीपासून कडक. सिरॅमिकचे पैसे वाचवले हो!

झेडऐंशी

हे काटकसरीच्या खात्यात येतं हे मला आधी कसं सुचलं नाही? बीबीसी दुसरा. पहिला नाही म्हणजे नाही.

सिडवेडा

म्हणजे आम्ही तिसरे? वा. सर्वांत जास्त खपलेला तिसरा. असो, निवडणूक आयोगाकडे जातो.

तिखटमीठ

तुमच्या भांडणात एक काम आलं. सासूबाईंच्या माळ्यावर पोळीच्या डब्याएवढा तपकिरी ठोकळा सापडला. मामेसासऱ्यांनी अमेरिकेहून आणलेला. कीजच्या पुढच्या अंगाला पत्त्यांची चिन्हं आहेत, बदाम, इस्पिक, किल्वर, चौकट. सोबत काळी वीट, वायरसकट, आणि दुसरा एक जड डबा ज्यावर २३०/११० लिहिलंय. काय आहे हे? भंगारवाला दोनशे देतो म्हणतो.

सिडवेडा

भंगारवाल्याला चहा पाजून घालवा! तपकिरी आणि पत्ते म्हणजे बहुतेक ६४. झाकणावर डावीकडे नाव असेल.

आता नीट वाचा. काळी वीट थेट भिंतीत लावू नका. ती ११० व्होल्टची आहे, जड डबा हा स्टेप-डाउन, म्हणजे २३० चे ११० करणारा. आणि स्टेप-डाउनमधून लावलीत तरी कॉम्प्युटरला जोडायच्या आधी मीटर लावा. ह्या विटा म्हाताऱ्या झाल्या की ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडतात आणि आतल्या मेमरी चिपा करपतात. गोल सात पिनांच्या टोकात पिन २ आणि पिन ५ मध्ये डीसी मोजा. ५.२ च्या वर गेलं तर जोडू नका, नवा सप्लाय मिळतो. ६ आणि ७ मध्ये ९ व्होल्ट एसी असतील, तिकडे दुर्लक्ष करा.

तिखटमीठ

नाव आहे, ६४ च आहे. मल्टिमीटर शेजारच्या इन्व्हर्टरवाल्याकडून आणला. पिनांचे नंबर कुठून मोजायचे?

सिडवेडा

टोकाचा फोटो टाका.

(फोटो बघून) फोटोवर दोन्ही पिनांना खूण करून पाठवलीय, मधली ती २. काळा प्रोब मधल्यावर.

तिखटमीठ

५.०४.

सिडवेडा

अर्धा तास तशीच चालू ठेवून परत मोजा.

तिखटमीठ

आमटी झाली तोवर. ५.०५. घरातले सगळे जमलेत, सासूबाई म्हणतात उदबत्ती लावू का.

सिडवेडा

लावा. बटण उजव्या कुशीला.

तिखटमीठ

निळा पडदा. फिकट निळी अक्षरं. ३८९११ बेसिक बाइट्स फ्री.